मामाची लाँच आणि बाबांचा कान

आमच्या घरात एक गोष्ट बोलायची नाही असं ठरलेलं होतं, आणि ते कुणी ठरवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना ऐकू येत नाही, ही ती गोष्ट. कुकर शिट्ट्या मारून मारून थकायचा आणि बाबा त्याच्या शेजारीच पाटावर बसून पेपर वाचत असायचे. दारात कुणी हाका मारून कंटाळलं की आई म्हणायची, "वाचत असले की यांचं लक्ष नसतं हो." आणि आपण काहीही विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: "हो हो, बरोबर." एकदा मी ऑफिसला निघताना वैतागून म्हटलं, "बाबा, मी घर सोडून हिमालयात चाललेय." माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे बघून ते म्हणाले, "हो हो, बरोबर. छत्री ने."

मी तेव्हाही तोंडाळ होते, आताही आहे. पण या एका बाबतीत माझीसुद्धा जीभ रेटायची नाही. कारण बाबांची सगळी अब्रूच मुळी त्या कानांवर उभी होती. ते गिरणीत फिटर होते, साचेखात्यात. शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकदम खडखडत असायचे, शेजारच्या माणसाशी खुणेने बोलावं लागायचं, आणि त्या गदारोळात कुठला साचा बिघडणार हे बाबा लांबून सांगायचे. त्यांच्याकडे एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हिचं पोट बिघडलंय," किंवा "ही अजून वर्षभर कुठे जात नाही." लोक गिरणीबाहेरच्या पंपांना, पिठाच्या चक्क्यांना सुद्धा बाबांना बोलवायचे. ज्या खडखडाटाने हे नाव दिलं त्यानेच हळूहळू कान खाल्ला, हे मला फार उशिरा कळलं.

संपानंतर गिरणी गेली ती गेलीच. आम्ही परळची खोली सोडून चारकोपला सेक्टरमधल्या बैठ्या घरात आलो. बाबांना तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात काम मिळालं. डिझेलचे जनरेटर, पाण्याचे पंप, खाडीतल्या होड्यांची छोटी इंजिनं असं काहीबाही दुरुस्तीला यायचं. तिथेही बाबा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि तळहात इंजिनावर ठेवून बराच वेळ उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय तो अनुभव! मला वाटायचं, एक दिवस हे उघडं पडणार, आणि त्या दिवशी गाळ्यातलं कामही जाणार. बहिऱ्या डॉक्टरकडे छाती तपासून घ्यायला कोण जातो?

घरात आणखी एक गोष्ट बदलली होती, तीही कुणी बोलत नव्हतं. पूर्वी संध्याकाळी बाबा चहा पीत बसले की आई त्यांना दिवसभराचं सगळं सांगायची. कोळणीने कसं फसवलं, नळावर कोण कुणाला काय बोललं, शेजारणीची नवी सून कशी आहे. बाबा ऐकायचे आणि मधूनच खुसखुसायचे. ते हळूहळू बंद झालं. शेजारणीच्या सुनेचं गुपित भिंतीपलीकडे शेजारीण बसलेली असताना ओरडून कसं सांगायचं? आई नुसतं "चहा", "पाणी", "जेवायला या" एवढंच बोलायला लागली. तेही हाताने दाखवून.

अशात मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच गिरणीतला, त्याच संपात बाहेर पडलेला, पण स्वभाव बाबांच्या अगदी उलटा. त्याच्या डोक्यात दर आठवड्याला एक धंदा यायचा. मासे, नारळ, लग्नाची वाजंत्री, सगळं करून झालं होतं. त्या दिवशी तो चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला.

"भावोजी, लाँच बघितलंय! लाँच नाय ती, राजवाडो असा राजवाडो! आत आरसो, मऊ गादयो, पडदे. आणि इंजिना दोन! एक बंद पडला तरी दुसरा असाच."

बोरिवलीच्या खाडीत कुणा शेठची शौकाची लाँच होती. शेठ मुलाकडे परदेशी चालला होता आणि लाँच काढून टाकायची होती. मामाचा बेत तयार होता. रविवारी माणसं गोराईला समुद्रावर जातात, ती साध्या होडीत दाटीवाटीने बसतात. आपण त्यांना पडद्यांच्या लाँचमधून न्यायचं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं लाँच अजून पाण्यात होती आणि मामा तिकडे तिकीट किती ठेवायचं यावर आईशी भांडत होता. पण गंमत बाजूला ठेवली तर गोष्ट साधी नव्हती. गिरणीचा फंड, मामीचे दागिने, गावच्या कलमांचा वाटा, मामाकडे जे काही होतं ते सगळं त्या लाँचमध्ये जाणार होतं. ती बुडाली तर मामाही बुडाला, आणि त्याची तीन पोरंही.

"लाकूडकाम माझा मी बघितलंय," मामा म्हणाला. "पण इंजिनातला माका काय कळणा नाय. तुमी कान लावन् सांगा. तुमी हो म्हटलात तर घेतलंय, नाय म्हटलात तर सोडलंय."

बाबांनी त्याच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो हो, बरोबर."

आईच्या हातातला कालथा थांबला. मामा गेल्यावर तिने मला मोरीजवळ बोलावलं आणि माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "तू जा यांच्याबरोबर. यांच्या उजव्या अंगाला उभी राहा. त्या कानात थोडं शिल्लक आहे." एवढ्या वर्षांत आईने हे पहिल्यांदाच तोंडाने कबूल केलं होतं. मी काहीतरी बोलणार तोवर ती फोडणीकडे वळलीसुद्धा.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बोरिवलीच्या जेटीवर गेलो. मामाच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यातून नारळाची शेंडी आणि उदबत्तीचा पुडा बाहेर डोकावत होता. मी म्हटलं, "मामा, आपण बघायला चाललोय की लग्न लावायला?" "गप गो," तो म्हणाला, "चांगल्या कामाक रिकाम्या हातान जाव नये."

लाँच खरंच देखणी होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची. राखण करायला खाडीकाठचाच एक कोळी होता, साठीच्या घरातला, शेठच्या लाँचवर बरीच वर्षं काढलेला. आम्हाला पाहताच तो म्हणाला, "पयले घरा चला. च्या घेतल्याबिगर कसं?" त्याचं घर तिथेच, लाँचपासून हाकेच्या अंतरावर. आणि इथेच आम्ही माती खाल्ली. दारात बोलावणाऱ्याला चहा नको म्हणायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच, हे आमच्या रक्तातच. बसलो. त्याच्या बायकोने चहा केला, आलं घातलेला, दुधाळ. मग तिने सुकवलेले बोंबील दाखवले. मग मामाची आणि तिची माशांवरून जुंपली. आम्ही बाहेर आलो तेव्हा लाँचची दोन्ही इंजिनं मस्त घुमत होती. राखणदाराच्या भाच्याने ती चालू करून ठेवली होती.

"बघा, कसा आवाज!" मामा खूश. फळ्या उचलून सगळे खाली वाकले. दोन इंजिनं शेजारी शेजारी, ताज्या हिरव्या रंगात चकचकीत. बाबा आत उतरले. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी उजव्या बाजूला फळीवर बसले. मला तरी काय कळत होतं? मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

बाबांनी डोळे उघडून मान वर केली. मामाने विचारलं, "काय भावोजी, झकास ना?" आणि बाबांच्या तोंडून सवयीने तेच बाहेर पडलं: "हो हो, बरोबर."

झालं! मामाने लगेच पिशवीतून नारळ काढला, उदबत्ती पेटवली, इंजिनाच्या तोंडाशी उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या कोकणात देवाला असं गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फुटला की व्यवहार पक्का. मग देव मधे आलेला असतो, माघार नाही.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वैवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राखणदाराचा भाचा, त्याला काय माहीत, पण तोही ओरडला.

"आज तुझो लेकरू ह्या पाण्यात धंदो घालूक निघालो हा…"

"मामा, थांब!" मी ओरडले. गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलणं म्हणजे महापाप. मामाचे डोळे पांढरे झाले. "शिरा पडो तुझ्या तोंडार! देवाच्या मधी बोलतस?" पण मी थांबवलं ते राखणदारामुळे. तो माझ्या शेजारी उभा होता आणि अगदी भाबडेपणाने बायकोला सांगत होता, "पाव्हने येनार म्हनून गरम करून ठेवली. थंड असली की ती उजवी जरा कुरकुर करते."

मी बाबांकडे वळले. त्यांनी हे ऐकलेलं नव्हतं, ऐकणं शक्यच नव्हतं. पण त्यांचा तळहात इंजिनाच्या अंगावर होता, आणि तिथून त्यांनी तो काढला नव्हता. "हे खूप गरम आहे," ते मोठ्याने म्हणाले, "आत्ता चालू केलेलं नाही. थंड असताना बघायचं." मग मामाकडे बघून, जरा हसून: "माणसाचा खरा स्वभाव चहाच्या आधी कळतो रे. इंजिनाचंही तसंच."

मामा नाराज झाला, पण नारळ पिशवीत गेला. पुढच्या रविवारी येतो म्हटलं तर राखणदाराने मान हलवली. पुढच्या रविवारी या वेळेला ओहोटी, लाँच चिखलात बसलेली असणार. त्याच्या पुढच्या रविवारी या. खाडीच्या पाण्याने आम्हाला पंधरा दिवस दिले, असं मी आजही म्हणते.

दुसऱ्याच संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "ऑफिसमधून येताना गाळ्यावर ये. तुला जरा शिकवून ठेवतो. पोरीच्या जातीला काहीतरी हातात हुन्नर असावा." एरवी पोरीच्या जातीवरून मी त्यांच्याशी तासभर भांडले असते. पण त्यांचं तोंड बघितलं आणि म्हटलं, "येते."

त्या पंधरवड्याइतके बाबा मला आधी कधी मिळाले नाहीत आणि नंतरही नाहीत. गाळ्यातली माणसं घरी गेली की ते एकेक इंजिन चालू करायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे आणि मूठ माझ्या कानाला लावायचे. "काय ऐकू येतं? सांग." मी म्हणायचे, "खडखड." ते माझ्या ओठांकडे बघून वैतागायचे. "खडखड तर सगळंच असतं! कसली खडखड?" मग मी शब्द शोधायला लागले. चणे भाजताना फुटतात तसं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं. शिलाई मशीन रिकामी पळवावी तसं. ते डोळे बारीक करून ऐकायचे, म्हणजे बघायचे, आणि त्याच वेळी त्यांचा दुसरा तळहात इंजिनावर असायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शिकत मी एकटीच नव्हते. माझा शब्द आणि त्यांच्या हाताला लागणारा धक्का यांची ते जोडी लावत होते. आम्ही दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

बाकीचंही शिकवलं. तेलाची पट्टी काढून तेल बोटांवर चोळून बघायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, नमस्कार करून निघायचं. धूर बघायचा. चालू करताना पांढरा आला आणि लगेच गेला तर चालेल. निळसर येतच राहिला तर इंजिन तेल पितंय. काळा आला तर डिझेल नीट जळत नाहीये. ताजा रंग दिसला की रंगाखाली काय आहे ते आधी विचारायचं. "आणि खाली मुख्य दांड्याचं बेअरिंग झिजलं ना," ते म्हणाले, "तर पोकळ ठोका येतो. दाराआडून कुणी मुठीने मारावं तसा. तो आला तर संपलं." तसं इंजिन तेव्हा गाळ्यात नव्हतं. त्यामुळे तो एक आवाज मला ऐकवता आला नाही, नुसता सांगता आला.

ठरल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मामाच्या हातात तीच पिशवी, तोच नारळ. राखणदाराच्या बायकोने हाक मारली, "आधी च्या!" मी हात जोडले. "काकी, आज आधी इंजिन. मग दोन कप पिते, तुमच्या हातचे." ती फुरंगटली. मामा मला दात-ओठ खात म्हणाला, "तुका काय रीत-भात?" मी म्हटलं, "रीतीने मागच्या खेपेला काय झालं ते बघितलंस ना?"

बाबांनी आधी दोन्ही इंजिनांवर हात फिरवला. थंडगार. तेल बघितलं, ठीक होतं. डावं इंजिन एका झटक्यात चालू झालं, जरासा पांढरा धूर, मग स्वच्छ. उजवं बराच वेळ नुसतं घरघरत राहिलं, मग खोकलं, मग एकदाचं पकडलं. धूर निवळला. मामाने सुस्कारा टाकला. लाँच सुटली, तिवरांच्या मधून खाडीच्या मोकळ्या पाण्यात आली, आणि राखणदाराने दोन्ही इंजिनं पुरी खेचली.

सगळी लाँच थरथरायला लागली. बाबा खाली इंजिनांच्या मध्ये, मी वर फळ्यांवर पालथी पडून मान आत घातलेली. डाव्यात चणे भाजत होते, नीट, एकसारखे. उजव्यातही चणे. पण त्यांच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. येत होतं, जात होतं. फळी हलतेय का ही? मागचा पंखा कशाला घासतोय का? की तोच, दाराआडचा? मला खात्री होईना. मी हात लांब करून बाबांचा उजवा खांदा दाबला आणि ओरडले, "इथे काहीतरी आहे!" बाबांनी वर बघितलं. माझं तोंड उलटं होतं, अंधारात होतं. त्यांना ओठ दिसले नाहीत.

तेवढ्यात मामा आमच्या डोक्यावर वाकला. पिशवीतून नारळ बाहेर आलाच होता. "काय भावोजी? घेवचा ना? मी गाऱ्हाणा घालतंय!"

बाबांनी मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला ते तोंड पाठ होतं. आता "हो हो, बरोबर" येणार. आणि ते आलं की नारळ फुटणार. मी स्वतःच ओरडून सांगू शकत होते, घेऊ नको म्हणून. पण मग बाबा खाली कान लावून बसलेत ते कशाला, असं कुणीही विचारलं असतं. राखणदार तर खाडीतल्या सगळ्या होडीवाल्यांना ओळखणारा, त्यांचीच इंजिनं गाळ्यात यायची. बाबांना वाचवायचं तर मामा जात होता, मामाला वाचवायचं तर बाबा जात होते.

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर कानापासून काढला. फडक्याने पुसला. मग उभे राहिले, छातीपर्यंत फळ्यांच्या बाहेर, आणि इंजिनांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले:

"मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. मागच्या खेपेलाही आलं नव्हतं. नारळ ठेव आत. ही ऐकतेय, मी हिला विचारतो. बाकी सगळे गप्प राहा. डावं इंजिन बंद करा."

डावं बंद झालं. मामा नारळ छातीशी धरून उभा राहिला.

"सांग," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"खालून ठोका येतो! मधेच येतो!"

"काय?"

आईशप्पथ, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किती वर्षांत बाबांनी कुणाला "काय?" विचारलं नव्हतं. मी पुन्हा ओरडले. "काय? नीट सांग!" मग मला सुचलं. मी त्यांचा हात ओढला आणि तळहातावर मुठीने तसाच ठोका मारून दाखवला, इंजिनाबरोबर, येईल तसा. बाबांनी डोळे मिटले. दुसरा हात इंजिनावर ठेवला. दोन्ही हातांनी ते ऐकत राहिले.

मग वेग अर्ध्यावर आणायला सांगून त्यांनी पाना घेतला. फडकं गुंडाळून डिझेलच्या बारीक नळ्यांचे नट एकेक करून सैल करायला लागले. नट सैल केला की त्या भागाला डिझेल मिळत नाही आणि तेवढा भाग थंडावतो. "आता?" "आहे!" "आता?" "आहे अजून!" तिसऱ्याला मी ओरडायचं विसरले, कारण ठोका एकदम मवाळ पडला. बाबांनी नट आवळला, ठोका परत आला. पुन्हा सैल केला, मवाळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी फक्त मान हलवली.

"खालचं बेअरिंग," बाबा वर येऊन मामाला म्हणाले. "रंग नवा आहे, आतून झिजलंय. माझ्या हाताला शंका आली, हिच्या कानाने सांगितलं. घेऊ नकोस."

मामाने नारळ पिशवीत ठेवला. राखणदाराने लाँच जेटीकडे वळवली. मामाच्या डोळ्यांसमोरून पडदे, आरसा, गाद्या, रविवारची गर्दी सगळं जात असणार. मला त्याची फार दया आली. जेटीला दोर बांधताना राखणदार बाबांसमोर येऊन उभा राहिला. त्याने स्वतःच्या डाव्या कानाकडे बोट दाखवून मान हलवली, हाताने काही नाही अशी खूण केली आणि मोठ्याने म्हणाला, "इंजिनापाशी उमर काढली ना! माझा हा गेला. आमच्यात सगल्यांचा जातो. घरा चला, च्या गार होते." मग माझ्याकडे वळला: "आमच्या होडीचं बघायचं असंल तर पोरीला पन घेऊन या."

मी कबूल केल्याप्रमाणे दोन कप चहा प्यायले.

ती लाँच पुढे कुणीतरी घेतली. तिच्या उजव्या इंजिनाचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि मामाने कधी चौकशीही केली नाही. त्याला ती गरजच वाटली नाही. नंतर त्याने गोराईच्या एका होडीत भागी घेतली, साधी लाकडी होडी, एकच इंजिन, पडदे नाहीत. ते इंजिन आम्ही दोघांनी मिळून पास केलं, थंड असताना, चहाच्या आधी. गाळ्यातलं काम गेलं नाही. फक्त आता संध्याकाळी माझ्यासाठी दोन-तीन इंजिनं थंडच ठेवलेली असायची.

पण त्या रविवारचं राहिलंच. आम्ही घरी आलो तेव्हा आई दारात उभी होती. मामाने पिशवी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाला, "ताय, भावोजींनी माका वाचवल्यानी. सगळ्यांसमोर सांगितल्यानी, ऐकाक येना नाय म्हणान." आईने बाबांकडे बघितलं. बाबा चपला काढत होते. मामा तसाच आत गेला, देवासमोर नारळ धरला आणि एवढ्या मोठ्याने गाऱ्हाणं घातलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात आजपासून जो कोण हळू बोलात, त्येचो आवाज मोठो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि आई बोंबललो. बाबांना ते ऐकू गेलं, कारण ते हसले.

नारळ फुटला. संध्याकाळी आई विळीवर तो खवायला बसली. बाबा नेहमीच्या जागी चहा पीत होते. खवता खवता, खाली मान घालून, आई सवयीने पुटपुटली, "सोलकढी करते."

"काय?" बाबा म्हणाले.

आईचा हात थांबला. तिने विळी आडवी केली, हात पदराला पुसले, उठली आणि बाबांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिने सोलकढीचं सांगितलं. बाबांनी मान हलवली. आई उठली नाही. ती पुन्हा कानाशी वाकली, आणि जिथे काही वर्षांपूर्वी थांबली होती तिथूनच तिने सुरुवात केली: "अहो, शेजारणीच्या त्या नव्या सुनेचं तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं…"

ती सून तोपर्यंत दोन पोरांची आई झाली होती. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काय झालं तिचं? नीट सांग."